अनुभवी निरीक्षकाची जीभ

लग्न झाल्यावर नवऱ्याने मला पहिली भेट दिली ती पाण्याची. माझ्या मैत्रिणींचे नवरे मुंबईहून येताना लुगडं आणत, निदान काचेच्या बांगड्या तरी. आमचे हे सायकलला फिरकीचे तांबे बांधून आणत. सकाळी ते ओसरीवर ओळीने मांडत, प्रत्येकाखाली एक चिठ्ठी पालथी घालत आणि मला हाक मारत, "येतेस का गं जरा? चव बघायची आहे." घरात फिरकीचे तांबे इतके जमले होते, की नवख्या पाहुण्याला वाटे, ही दोघं काशीला निघाली आहेत.

मी चूळ भरून बसायची. त्याआधी चहा नाही, कांदा नाही, पानाचं तर नावच नको. एक घोट तोंडात धरायचा, जिभेवरून फिरवायचा आणि अंगणातल्या केळीत थुंकायचा. मग निकाल. ह्यांच्या कागदावर तीनच रकाने असत, गोडं, मचूळ आणि खारट. माझं तेवढ्यावर भागत नसे. "ह्यात डाळ शिजेल," मी सांगायची. "ह्यात शिजेल, पण रुसून. आणि हे नुसतं धुण्याला, तेही दुसऱ्याच्या." हे मान खाली घालून हसत आणि आपल्याला हवं ते लिहून घेत.

कोणतं पाणी कोणाच्या विहिरीचं हे ते मला कधीच आधी सांगत नसत. कळलं की जीभ पक्षपात करते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे देवळाजवळच्या विहिरीपासून मोहल्ल्यातल्या आणि कोळीवाड्यातल्या विहिरींपर्यंत सगळ्यांचं पाणी माझ्या तोंडातून गेलं, आणि कुणाचा विटाळ कधी झाला याचा हिशेब ठेवायची सोयच उरली नाही. सासूबाई आमच्या मूळ गावी राहत म्हणून हे निभावलं. नाहीतर शास्त्र राहिलं असतं बाजूला आणि मला रोज पंचगव्य घ्यावं लागलं असतं.

ही गोष्ट तीस सालच्या आसपासची. हे सरकारी बांधकामाकडे ओव्हरसियर होते आणि आम्ही रेवदंड्याला भाड्याच्या घरात राहत होतो. रस्ते, मोऱ्या, शाळांची छपरं ही ह्यांची पोटापाण्याची कामं. जीव मात्र विहिरीत अडकलेला. समुद्रकाठची विहीर खारी का होते, कधी होते आणि तिला खारी होऊ न देता तिच्यातून किती पाणी काढता येतं, एवढ्या एका प्रश्नापायी हा माणूस ताटावरून उठून भरतीची वेळ बघायला जात असे. गाठी मारलेली सुतळी विहिरीत सोडून पाणी किती चढलं-उतरलं ते पाहायचं आणि घरी येऊन मला ते अशा तोंडाने सांगायचं, की जणू शेजारच्या घरात बारसं झालंय.

पाणी तपासायला मुंबईच्या प्रयोगशाळेत बाटली पाठवता येत असे. पण ती बोटीने जायची, तिथे रांगेत बसायची आणि उत्तर यायला महिना-दीड महिना लागायचा. विहिरीचं पाणी तर आठवड्यात रंग बदलतं. ह्यांची स्वतःची जीभ तपकिरीने कामातून गेलेली, त्यांना हिंग आणि हळद सारखीच. म्हणून माझी जीभ. सुरुवातीला काही बाटल्या पाठवून पाहिल्या, तेव्हा मुंबईचा निकाल आणि माझा निकाल जुळला. त्या दिवसापासून मी नोकरीला लागले, बिनपगारी. अलिबागच्या कचेरीत जे कागद जात त्यांत लिहिलेलं असे, "चव एका अनुभवी निरीक्षकाकडून तपासून घेतली." ह्यांनी मला ते एकदा वाचून दाखवलं.

"ह्या निरीक्षकाला दुपारी चुलीपुढे बसावं लागतं, तेही कळवलंत का?" मी विचारलं.

"पद्धतीत तेवढं विचारलेलं नाही," हे म्हणाले.

एवढी सगळी खटपट कोळीवाड्यासाठी होती. कोळीवाड्यातल्या विहिरी अगदी पुळणीच्या कडेला. शिमगा सरला की त्यांचं पाणी मचूळ व्हायचं, आणि मग पाऊस पडेपर्यंत तिथल्या बायका वाळू तुडवत लांबच्या वाडीतल्या विहिरीवर जायच्या. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण त्यातलीच एक. वयाने माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला मावशी म्हणायची आणि ती मला बाय म्हणायची. सकाळभर डोक्यावर पाटी, ती रिकामी झाली की डोक्यावर हंडा. आमच्या पायरीवर बसून ती निवट्या-बोंबलांचा भाव सांगायची आणि आत डोकावून ह्यांना विचारायची, "ओवरशेर सायब, नल कवा येल?"

"येईल मावशी, येईल. आधी समुद्राला विचारतोय," हे आतून सांगत.

समुद्राला विचारायचं म्हणजे काय, ते ह्यांनी मला एकदा स्वयंपाकघरात करून दाखवलं. काचेच्या पेल्यात मिठाचं पाणी घेतलं आणि मला न विचारता माझ्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू त्यात कालवलं. वर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून त्यावरून साधं पाणी हळूहळू सोडलं. पान काढून घेतलं तर खाली लाल आणि वर स्वच्छ, दुधावर साय असावी तसं. "आपल्या सगळ्या विहिरी अशा आहेत," हे म्हणाले. "खाली समुद्र, वर पावसाचं साठलेलं गोडं पाणी. तरंगतंय नुसतं." मग पपईच्या पानाचा पोकळ देठ घेतला आणि वरवर, सावकाश ओढलं. स्वच्छ पाणी आलं. मला म्हणाले, "आता तू जोरात ओढ." मी ओढलं, तर खालचं लाल पाणी टोक काढून वर आलं आणि माझ्या तोंडात खारट कुंकू.

"विहीर कोरडी पडली की लोक ती आणखी खोल खणतात. म्हणजे आपणच समुद्राला घरात घेतो. खोल जायचं नाही, जोरात ओढायचं नाही. हळू ओढलं तर एक चांगली विहीर सगळ्या कोळीवाड्याला पुरेल."

"ते खरं," मी म्हटलं, "पण माझं कुंकू गेलं ना." संध्याकाळी ते बाजारातून कुंकवाची नवी डबी घेऊन आले. तीन जणींना पुरेल एवढी.

इथे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला दोनदा दिवस गेले होते. दोन्ही खेपांना तिसरा महिना पुरा झाला नाही. पहिल्या वेळी मी आनंदाने सगळ्या आळीला सांगून बसले होते, आणि मग त्याच सगळ्या आळीला परत सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी फक्त शेजारणीला सांगितलं. आई माहेरून येऊन म्हणाली, "आता पुन्हा झालं तर भिंतीलासुद्धा कळू द्यायचं नाही. चोरओटी भरेपर्यंत तोंड शिवून बसायचं." आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात ओटी भरतात ती गुपचूप, दार लावून, म्हणून तिला चोरओटी म्हणतात. त्याच्या आत तोंडातून शब्द गेला तर दृष्ट लागते. मी शिकलेली होते, चार बुकं वाचलेली होती, तरी ह्या एका बाबतीत मी आईचीच मुलगी होते.

दुसऱ्या खेपेनंतर मी बरेच दिवस कुणाशी बोलत नव्हते. हे काही समजूत घालायला आले नाहीत. त्यांना ते जमतच नसे. पण सकाळी ओसरीवर दुप्पट तांबे दिसू लागले. पार नागाव-आक्षीपर्यंत सायकल हाणून ते पाणी आणायचे आणि हाक मारायचे, "येतेस का गं जरा?" इतक्या विहिरींची तेव्हा गरज नव्हती, हे मला फार नंतर उमगलं. त्या माणसावर माझा फार जीव होता. हे त्यांना मी कधी सांगितलं नाही, फक्त त्यांचे तांबे चिंचेने घासून लख्ख ठेवले.

एका माघात अलिबागहून बैलगाडीत बसून तेलाचं इंजिन आलं. मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने आपल्या वाडीतली विहीर प्रयोगाला दिली होती. त्याला सगळे चाचा म्हणत. नारळी-पोफळी त्याच विहिरीवर जगत होत्या, तरी चाचा म्हणाले, "पाणी पाजणं सवाबचं, पुन्याचं काम हाय. बिघडलं तर अल्ला बघून घेल, पन तुमी आधी बघा." ठरलं होतं ते असं. उन्हाळाभर रोज ठरावीक वेळ पंप चालवायचा. पावसापर्यंत पाणी गोडं राहिलं तर कोळीवाड्याच्या तोंडाशी बांधलेल्या हौदात नळाने पाणी सोडायचं. मधेच खारं झालं तर प्रयोग फसला, आणि इंजिन दुसऱ्या गावाला जायचं. दुसरं गाव टपूनच बसलं होतं. लोखंडी नळ येऊन रस्त्याच्या कडेला पडले होते आणि कोळीवाड्यातली पोरं त्यांत तोंड घालून एकमेकांना हाका मारत होती.

इंजिनाचा टकटक आवाज आमच्या घरापर्यंत यायचा. रोज सकाळी ह्यांचा तांब्या यायचा आणि रोज मी सांगायची, "गोडं." हे उडी मारत नसत, पण मग चहा पिताना बशीत सांडत असत. मावशी पायरीवरून विचारायची आणि मी तिलाही सांगायची, "गोडं आहे गं." ती पाटी उचलताना खाली वाकून उंबऱ्याला हात लावायची.

शिमगा झाला आणि एका सकाळी घोट तोंडात घेतला तो मी तसाच थुंकला. खारट. कडवट खारट, जुन्या पैशासारखा. हे माझ्याकडे बघत राहिले. "पुन्हा बघ," म्हणाले. मी पुन्हा पाहिलं. तेच.

ह्यांनी पंपाचे तास कमी केले. तरी खारट. दोन दिवस इंजिन बंद ठेवलं. तरी खारट. सुतळी सोडून पाहिली तर पाणी नेहमीच्याच पातळीला. भरती-ओहोटीचं गणित तपासलं तर ते बरोबर. चाचा गोडंच म्हणत होते, पण पान खाणाऱ्या जिभेवर ह्यांचा भरवसा नव्हता. ह्यांना काही समजेना. त्यांचं जेवण तुटलं. बाटली मुंबईला गेली होती, पण तिची वाट बघायला कचेरी थोडीच थांबणार? महिना-दीड महिना इंजिन नुसतं ठेवायचं तर दुसऱ्या गावाचे लोक बोंब मारणार. शेवटी ह्यांनी अलिबागला कळवलं, की निरीक्षकाच्या मते पाणी खारं झालं आहे, प्रयोग थांबवावा. तो कागद लिहिताना त्यांनी दोनदा टाक खाली ठेवला. साहेबांचं उत्तर आलं, की मी स्वतः येतो, विहीर बघतो आणि इंजिन हलवायची व्यवस्था करतो.

मावशीला मीच सांगितलं. तिने पाटी खाली ठेवली. मग माझ्यापुढे चांगले मोठे बोंबील काढून ठेवत म्हणाली, "जाऊं दे बाय. पायांना सवय हाय." त्या बोंबलांच्या वासाने मला एवढं ढवळून आलं, की मी तशीच आत पळाले. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. तोंडाला काहीच बरं लागत नव्हतं, तेही मी काळजीवर ढकललं. विहिरीच्या दुःखात मी दिवस मोजायलाच विसरले होते.

साहेब यायच्या आदल्या दिवशी सकाळी ह्यांनी पूर्वीसारखे, खाली चिठ्ठ्या घालून, तीन तांबे मांडले. मी म्हटलं, आता कशाला, प्रेताला का कुणी औषध पाजतं? पण हे हट्टाने बसले होते. मी तिन्ही तांब्यांतलं चाखलं आणि सांगितलं, "खारट, खारट, खारट."

ह्यांनी चिठ्ठ्या उलट्या केल्या. एक चाचांच्या विहिरीचं. दुसरं आमच्या विहिरीचं, जिच्यात डाळ लोण्यासारखी शिजत होती. आणि तिसरं रांजणातलं. आमच्याकडे पागोळीचं पाणी गाळून एका रांजणात झाकून ठेवलेलं असे. आभाळातून पडलेलं, जमिनीला न लागलेलं. तुलना करायला हे ते जपून वापरत.

"पाऊस खारा पडतो की काय?" हे हळूच म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "तुझ्या तोंडाला काय झालंय? वैद्यांकडे जाऊया का?"

 माझी बोटं पदराखाली आपोआप पेरं मोजत होती. एकदा मोजली, पुन्हा मोजली. मग मी त्यांना म्हटलं, "वैद्य नको. मला वाटतं, मला दिवस गेलेत."

हे ओसरीच्या कडेला बसले. हसायचं की घाबरायचं हे त्यांना ठरवता येईना. दोन्ही एकाच तोंडावर दिसायला लागलं. मग म्हणाले, "विहीर चांगली आहे म्हणजे."

"विहीर चांगली आहे," मी म्हटलं, आणि मग आम्हा दोघांनाही कळलं की आपण कुठे अडकलोय.

साहेबांना सांगणार काय? निरीक्षक चुकला, तर का चुकला? ते सांगायचं तर माझं पोट चव्हाट्यावर मांडायचं. दोन महिनेसुद्धा धड झाले नव्हते. हे म्हणाले, "कुणाला काही सांगायचं नाही. मी म्हणेन, माझ्याकडून गफलत झाली. इंजिन गेलं तर जाईल. पुढच्या वर्षी बघू." ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले, की मला रडू आलं. पुढच्या वर्षी इंजिन मिळणार नव्हतं. फसलेल्या प्रयोगाला दुसऱ्यांदा कोण इंजिन देतो? त्यांची इतक्या वर्षांची विहीर ते माझ्या पोटापुढे ठेवून मोकळे झाले होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे गोरे नव्हेत, आपलेच. निवृत्तीला टेकलेले, पिकल्या मिशांचे. मधुमेहामुळे चहाही बिनसाखरेचा घेणारे. ओसरीवर खुर्चीत बसले. मी दाराआड उभी होते. मावशी मासळी घेऊन आली होती, ती माणसं बघून पायरीवरच पाटी धरून थांबली.

"गफलत म्हणजे काय?" साहेब विचारत होते. "आठ दिवसांपूर्वी खारं, आज गोडं. मध्ये झालं काय?"

"माझीच चूक झाली, साहेब."

"चव तुम्ही बघत नाही, तुमचा निरीक्षक बघतो. त्याला बोलवा."

"तो येऊ शकणार नाही."

"का? आजारी आहे?"

"आजारी नाही," हे म्हणाले आणि गप्प झाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस गप्पच होतो.

साहेबांनी टोपी उचलली. "मग माझा नाइलाज आहे. उद्या गाडी येईल, इंजिन चढवून द्या."

मावशीने पाटी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. बाकी काही केलं नाही. पण मला तिच्या टाचा दिसत होत्या, वाळूने फुटलेल्या. आईचे शब्द कानात होते, आणि त्याहून मोठी भीती ही, की उद्या काही झालं तर मी जन्मभर स्वतःला म्हणत राहीन, तुझ्या तोंडानेच घात केला. तरी माझे पाय उंबऱ्याबाहेर पडले. मी पदर डोक्यावर ओढला आणि म्हटलं, "निरीक्षक मी आहे."

"अगं," हे म्हणाले.

"पाणी खारं झालेलं नाही, साहेब. मला दिवस गेलेत, म्हणून माझं तोंड तसं झालंय. रांजणातलं पावसाचं पाणीसुद्धा मला खारटच लागतं. ह्यांनी सांगितलं नाही, कारण अजून सांगायचे दिवस नाहीत."

 साहेबांनी टोपी परत मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बाई, आधी तुम्ही बसा." मी कशाला बसतेय त्यांच्यासमोर, पण दाराला टेकले. त्यांनी ह्यांच्याकडून विहिरीच्या पाण्याचा तांब्या मागून घेतला, एक घोट घेतला आणि माझ्यासारखाच जिभेवरून फिरवला. "मला साखर वर्ज्य आहे, आणि पान-तंबाखू मी खात नाही. माझ्या जिभेवर भरवसा ठेवायला हरकत नाही." पाणी गिळलं. "गोडं आहे." आणि उठताना ह्यांना म्हणाले, "ओव्हरसियर, तुमचं यंत्र बिघडलेलं नाही. ते दुसऱ्या कामावर गेलंय. इंजिन पावसापर्यंत राहू दे. नळ जोडायला घ्या." कागदावर त्यांनी कारण काय लिहिलं देव जाणे. आमच्यापर्यंत कुणाचा शब्द आला नाही.

साहेब गेल्यावर हे माझ्यावर रागवायचा प्रयत्न करत होते. "का सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून," मी म्हटलं.

पण मावशीने ऐकलं होतं, आणि कोळणीने ऐकलं म्हणजे बंदराने ऐकलं. मी रात्रंदिवस धास्तावलेली. आणि झालं काय, तर काहीच नाही. रस्त्याने जाताना कोळणी माझ्याशी बोलायच्या, नळ कुठवर आला विचारायच्या, आणि बोलताना माझ्या तोंडाकडेच बघायच्या, मानेखाली एकीचीही नजर उतरायची नाही. सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होतं आणि सगळ्या कोळीवाड्याने ते गिळून टाकलं होतं. दृष्ट म्हणून लागू द्यायची नाही, असा जणू पुऱ्या जातीने विडा उचलला होता. मावशीने तर मला कुर्ल्या विकायच्याच सोडल्या. गरोदर बाईने खेकडा खाऊ नये, असं त्यांच्यात म्हणतात. त्या उन्हाळ्यात रेवदंड्याच्या खाडीतल्या कुर्ल्या संपल्या आहेत, असं ती मला न हसता सांगत असे, आणि शेजारच्या घरी त्याच पाटीतून कुर्ल्या काढून देत असे.

चव बघायचं काम आता तिच्याकडे गेलं. त्यासाठी तिने सकाळची तंबाखूची मिश्री सोडली. तांबे संपेपर्यंत ती दात न घासता, ताठ बसायची, देवळात बसल्यासारखी. मुंबईच्या बाटलीचं उत्तर आलं, तेही तिच्यासारखंच: गोडं.

मी मात्र माझी स्वतःची तपासणी चालू ठेवली होती, कुणाला न सांगता. रोज सकाळी उठले की रांजणातलं वाटीभर पाणी घ्यायची. खारट लागलं की जीव भांड्यात पडायचा. खारट आहे म्हणजे पोटातलं आहे. ह्यांनी विहिरीवर जेवढी पाळत ठेवली नसेल तेवढी मी त्या वाटीवर ठेवली. तिसरा महिना पुरा झाला, दार लावून चोरओटी भरली, तरी माझी वाटी सुटली नाही. अख्ख्या जिल्ह्यात पाणी खारट लागावं म्हणून देवाला हात जोडणारी मी एकटीच असेन.

ज्येष्ठ लागला. पाऊस दाराशी आला होता. हौदात पाणी सोडायचा दिवस ठरला, तेव्हा हे पहाटेच वाडीत गेले होते. त्या गडबडीत माझी वाटी राहिली. थोड्या वेळाने बायकांचा गलका ऐकू आला, मग तो आमच्या घराकडे वळला. मावशी पुढे, डोक्यावर घासलेला हंडा, मागे कोळीवाड्यातल्या आणखी बायका, आणि सगळ्यांच्या मागे हे, गुडघ्यापर्यंत चिखल आणि तपकिरीची डबी हातात तशीच.

"पयला हंडा तुजा, बाय," मावशी म्हणाली. "आमी कोनी तोंडाला लावलेला नाय."

तिने हंडा कलता केला आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्याले.

गोडं होतं. कडेपासून कडेपर्यंत गोडं, खारटाचा, कडवटाचा मागमूस नाही.

 ओंजळीतलं उरलेलं पाणी बोटांतून गळून गेलं. मनात एकच, की गेलं. हेही गेलं. आदल्या दिवशीपर्यंत खारट होतं, आज गोडं झालं. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ज्या एका शब्दासाठी ह्यांनी सगळी वर्षं घालवली, तो शब्द मला उच्चारवेना. ह्यांचा चेहरा उतरायला लागला. "खारट आहे का गं?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवणार, तेवढ्यात पोटात खाली, डाव्या बाजूला काहीतरी वळलं. उथळ पाण्यात निवटी अंग वळवते तसं, हलकेच. मी श्वास धरून उभी राहिले. पुन्हा वळलं.

"गोडं आहे," मी म्हटलं. माझा हात आपोआप पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

मावशीने हंडा पायरीवर ठेवला, पदराने हात पुसले, आणि उन्हाळाभर जिकडे तिने चुकूनही पाहिलं नव्हतं, तिकडे पहिल्यांदा पाहिलं.